पी. पी. कॉल

प्लास्टर निघालं त्याला तीन आठवडे.
रामदासपेठेतल्या फिजिओच्या पोरीनं रबरी चेंडू दिला,
दाबा म्हणाली, दिवसातून शंभरदा.
बारा झाले की मला माझीच कीव यायची.
मग वरच्या मजल्यावरचा रोशन उके म्हणाला,
काकू, अंगठाच हलवायचा ना?
माझा जुना कंट्रोलर घेऊन घ्या.
सातशे रुपये. डाव्या कांडीवरचं रबर
त्याच्या दहावी-अकरावीनं झिजवलेलं.

टेबलावर भाच्यानं टाकून दिलेला पीसी,
खिडकीत कूलर, बाहेर पंचेचाळीस.
मधलं गोल बटण दाबलं.
दिवा लुकलुकला, लुकलुकला, थांबला.
माझ्या स्क्रीनवर काहीच नाही.
वरून गॅलरीतून आवाज:
"काकू, माझा पीसी चालू झाला बे…
सॉरी… झाला ना!"

सोळा वर्षं ट्रंक बोर्डावर काढलीत मी.
हेडफोनचा पट्टा केसांत रुतलेला,
गोंदिया, बल्लारशा, इटारसी,
कापसाचे भाव, बाळंतपणं, मोठ्यानं बोला, मोठ्यानं,
सगळं ह्याच मनगटाखालून गेलं.
क्रॉस कनेक्शन मला कुणी शिकवू नये.

आणि पी. पी. कॉल:
शेजारच्यानं उचलून भागायचं नाही,
तोच माणूस यावा लागे फोनवर.
आम्ही नाव दोनदा विचारायचो.
पलीकडे कुणीतरी चपला घालून
बोलवायला धावायचं, ते ऐकू यायचं.

ह्याचंही तसंच.
स्लॅब ओलांडून आपल्या माणसाकडे गेला.
मला राग आला, आणि
सातशे रुपयांत हे कुठे ठरलं होतं, असंही वाटलं.

रोशन खाली आला, हातात बर्फाचा पेला.
"आधी माझ्याकडून काढावं लागते त्याले."
परत वर गेला.
एक टिचकीचं काम,
पण बराच वेळ लावला त्यानं.

वरच्या कडेचं बारकं बटण तीन सेकंद धरायचं.
उजवा अंगठा दोनवर सुटला.
डाव्यानं धरलं.
दिवा आता भराभर, जीव घाबरल्यासारखा.
स्क्रीनवर यादी उघडली:
ढोमणे हॉल टीव्ही.
बबलीचे इअरबड.
झेरॉक्स खालचा.
एक नुसताच आकड्यांचा, बेनाव.
अख्खी बिल्डिंग दुपारची आडवी झालेली
आणि यंत्रं तेवढी दारात येऊन
आपापली नावं सांगत उभी.

शेवटी आला. वायरलेस कंट्रोलर.
जोडत आहे.
जोडत आहे.
जोडता आले नाही, पुन्हा प्रयत्न करा.
हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय,
इतक्या थंडपणे मात्र कधी नाही.

"डोंगल कुठे लावलं, काकू?"
मागे. लोखंडी कपाट अन् कूलरच्या मधात.
"मंग त्याले काय ऐकू येईन!"
सीताबर्डीहून आणलेली वीतभर वायर,
डोंगल पुढे काढलं, माठाशेजारी टेकवलं.
दोन मिनिटं कूलरही बंद.
अंगावर गरम भिंत येऊन बसली.
कुणी बोललं नाही.

दिवा थांबला.
वर काही हललं नाही.

लाल जीप, घाटाचा रस्ता.
कांडी पुढे रेटली, अंगठा कळवळला, जीप निघाली.
पहिल्याच वळणावर भिंत.
आणि हातात घुर्रर्र झालं,
तळव्यातून मनगटात,
नेमकं हाड सांधलंय तिथवर.

"बोला," मी म्हटलं.
कुणाला, देव जाणे.
रोशन हसला, पेला ठेवून कूलर लावायला उठला.

जीप खड्ड्यात, चाकं फिरतायत.
"अरे, ह्याचा रिव्हर्स कुठंय?"
कूलर सुरू झाला होता.
त्याला ऐकू गेलं नाही.