कोणता गट

सेलूच्या बंद जिनिंगचं मैदान.
चुन्याच्या रेघा, जुने टायर, अजून सरकीचा वास.
टेबलामागून टाकळकर सर विचारतात,
"गाडी मूळ का बदललेली?"

झेन. नव्व्याण्णवची.
स्प्रिंगा जालन्याच्या भंगारातल्या, दोन वेढे कापून.
कॅमशाफ्ट गौसभाईनं घासून दिला
रोज्यांच्या महिन्यात, तरावीहनंतर.
मागची सीट काढली होती,
परवा परत बसवली,
आक्काला डायलिसिसला न्यायचं होतं.

"मग स्टॉकमध्ये नाही बसत."
मॉडिफाइडकडं बघितलं,
तिकडं ट्रेलरवरून उतरलेल्या गाड्या,
नंबरप्लेट नसलेल्या.
माझी तर पीयूसीसुद्धा चालू.

सर टोपण चावतात.
"सीट काढा, वजन घटंल. खुल्यात टाकतो."
पाना खिशातच होता.
सीटखाली सांडलेली तूरडाळ,
आक्काची एक चप्पल.

"ऱ्हाऊ द्या, सर.
सीटसकट लिहा."

शेवटून दुसरा आलो.
शेवटचा ट्रेलरवर चढला,
त्याचा गिअरबॉक्स गेला होता.
मी टायरात हवा भरली,
पाथरी रोडला लागलो
आणि पहिल्याच गतिरोधकावर
सायलेन्सर घासला,
रोजच्यासारखा.