काटेवाला
(उत्तर डकोटा, १९१६)

सपाटीवर कंपनीचं लाकडी कोठार
दहा मैलांवरून दिसायचं.
देऊळ नव्हे,
पण सुगीत सगळ्या गाड्यांची तोंडं तिकडेच.
मी तिथे काट्यावर. अकरा वर्षं.

तोर्गरचा गहू मी मुठीत घेऊन हुंगायचो,
दोन दाणे दाढेखाली फोडायचो
आणि सांगायचो, "नंबर तीन."
नंबर एक होता. मला कळायचं. त्यालाही.
पण मिनियापोलिसची तार सकाळीच आलेली असायची:
आज गहू नंबर तीन आहे.

मापात पाप म्हणतात.
पाप कसलं, पगारी काम.
शेकडा चार घट: धूळ, कूस, काळं बी.
ती घट आम्ही चाळून पुन्हा विकायचो,
कोंबड्यांना म्हणून,
कधी तोर्गरच्याच बायकोला.

तो भांडायचा नाही.
घोड्यांच्या तोंडचा फेस बाहीने पुसायचा,
विचारायचा, "रेल्वेचे डबे आलेत?"
डबे नसायचे.
भाव पडेपर्यंत नसायचे.

मग त्या जानेवारीत,
थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती तेव्हा,
शाळेपुढे गाड्या उभ्या राहिल्या. सदतीस.
मोजायची सवय.
आत पोरांच्या बाकांवर
गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले बाप्ये,
आणि फळ्याजवळ एक परका माणूस सांगत होता,
कोठार आपलं, गिरणी आपली, गव्हर्नर आपला.
मला हसू आलं. मी दारातच उभा.

इंगेबोर्ग उठली.
तिने टेबलावर बरण्या मांडल्या, अकरा.
दर सुगीतला मूठभर गहू,
वर चिठ्ठी: तारीख, आणि मी सांगितलेला नंबर.
म्हणाली, "ओस्मुंड, आत ये. थंडी आत येतेय."
मग एक बरणी उघडून, "हा कितवा?"

मी दोन दाणे चावले.
स्टोव्हमधलं लाकूड तडकलं तेवढाच आवाज.
"एक," म्हणालो.
"आणि हा?"
"एक."
तिने पुढच्या बरण्या उघडल्या नाहीत.
मागच्या बाकावर कुणीतरी सरकलं,
साधारण एका माणसापुरतं.

नोकरी गेली, ते सांगायला नको.
निवडणुकीत गावची मतं मोजायला मलाच बसवलं;
म्हणाले, याला मोजता येतं.
"घट धरू नकोस रे!" तोर्गर मागून ओरडला,
तेव्हा सगळे हसले, मी सोडून.
मी प्रत्येक चिठ्ठी
दिव्याखाली धरून दोनदा वाचली.