सीबी पॉइंट

शरणपूरला शांतवन मिस्त्रींच्या शेडमध्ये
सकाळी सातला लोखंड हातात धरवत नाही.
निफाडला पारा चारवर आलाय, ते म्हणतात,
जणू निफाडनंच मुद्दाम केलंय.
जावाचं उजवं झाकण पेपरवर उताणं,
स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ठेवलेले.

आधी गॅप. शून्य पूर्णांक चार.
फीलर गेजची पाती ते माझ्या हातात देतात,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात पिकतोय.
घट्ट नको, सैल नको.
तव्यावरल्या भाकरीखालनं उलथनं जातं ना, तशी.
मला भाकरी येत नाही. मी मान हलवते.

मग प्लगच्या भोकात सायकलचा स्पोक,
त्यावर कानशीच्या दोन खुणा:
खालची पिस्टनच्या अगदी माथ्याची,
वरची तिच्यावर साडेतीन मिलिमीटर.
मी पाना लावून इंजिन फिरवते
आणि स्पोक सावकाश वर येतो,
तळ्यातनं कासवानं मान काढावी तसा.
माथा गाठायच्या आधीच ठिणगी पडली पाहिजे,
पेट्रोललाही पेटायला वेळ लागतो बाई.
फार आधी पडली तर किक उलटी येते, नडगी फोडते.
उशिरा पडली तर गाडी चालते, पण नुसती तापते,
त्र्यंबकच्या रस्त्याला चढ आला की मागच्यानं उतरायचं.

आई उतरायची.
आणि तुमच्या आधी पोचायचे, असं अजून सांगते.

पॉइंट कधी उघडतात ते डोळ्याला कळत नाही.
लोक बल्ब लावतात. मिस्त्रींचा बल्ब कुणीतरी नेलाय,
कुणी ते त्यांना माहीत आहे, नाव घेत नाहीत.
म्हणून कागद.
पप्पांनी सोबत चारमिनारचं पाकीट दिलंय,
डॉक्टरांनी बंद केली त्या दिवशीचं.
आत दोन सिगारेटी, आणि पातळ कागदाची एक पट्टी,
कात्रीनं सरळ कापलेली,
एका टोकाला ऑइलचा अंगठा.

एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये.
पत्रिका, रेशनकार्ड, माझी उत्तरपत्रिका,
सगळं आधी चिमटीत चोळायचे, मग वाचायचे.
रोज गेटवर झडती. आतला कपटाही बाहेर येता कामा नये.
घरी वहीचं पान टरकावलं
तर दुसऱ्या खोलीत दचकायचे.
आता हात थरथरतो.
पॉइंट कागद सोडायच्या आधी
बोटंच सोडतात.
जा तू, म्हणाले. शांतवनला सांग, घाई नाही.

पट्टी पॉइंटांच्या मधे. अलगद ताण.
पाना फिरतो. धरलंय.
स्पोक वर येतोय. धरलंय.
वरची खूण भोकाच्या कडेशी आली, गेली,
अजून धरलंय,
आणि मग सुटला.
उशीर, मिस्त्री म्हणतात. स्पोक त्यांना दिसतच नाही,
माझा श्वास ऐकतायत.
प्लेटचे स्क्रू सैल. रोटर फिरतो त्याच्या उलट, केसभर.
केसभर म्हणजे किती?
ते टकलावरून हात फिरवतात. तुझ्या केसाएवढं.

दुसऱ्यांदा फार आधी.
तिसऱ्यांदा स्क्रू आवळताना प्लेट सरकली,
चौथ्यांदा पुन्हा तेच, आणि माझ्या तोंडून शिवी गेली.
समोरच्या दुधाच्या गाडीवाल्यानं वळून बघितलं.
मग कधीतरी, आम्ही मोजायचं सोडल्यावर,
खूण आणि कागद एकदम.
आवाज काहीच होत नाही.
चिमटीतला ताण जातो, इतकंच,
समोरच्यानं फोन ठेवावा तसा.

दोन किकांना नाही. तिसरीला झाली,
निळा धूर सगळा शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात.
मिस्त्री सायलेन्सरशी तळहात धरून उभे,
शेकोटीला उभं राहावं तसे.
मग न विचारता पाकिटातली एक काढून पेटवतात.
शिळी आहे, म्हणतात,
आणि बोटाला चटका बसेपर्यंत ओढतात.

पैसे नंतर.
ती पट्टी नीट परत ने.
आणि सिगारेट मी घेतली म्हणून सांग,
मोजून घेतील ते.