पाच मिनिटांची पाळी

आमची पाळी पाच मिनिटांची असे.
सभागृहाच्या मधोमध ते बुटकं टेबल,
वही, तीन टोक केलेल्या पेन्सिली,
आणि मागून पुढची पाळीवाली आली
की अर्धं वाक्य तिथंच टाकून उठायचं.
त्यामुळे खासदार दिगंबर खांबेटे, इंदूर, यांचं
एकही भाषण मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

बारा वर्षं.
सुरुवाती पुष्कळ ऐकल्या. मधली चढणं ऐकली.
एकदा तर माझ्या वाट्याला नुसतं
"म्हणून, महोदय" एवढंच आलं,
पुढे काय म्हणून ते आजतागायत माहीत नाही.

ते रामबागेतले, मी नंदलालपुऱ्यातली.
दिल्लीत ही ओळख आम्ही दोघांनीही दाखवली नाही.
पण ते हिंदीत बोलता बोलता मध्येच "अहो" म्हणत,
"उगीच" म्हणत, आणि नियमाप्रमाणे
मी "उगीच"चं "व्यर्थ" करी.
व्यर्थ!
उगीचमधला तो खांदा उडवणं कुठे गेलं
हे विचारायची सोय कोणत्याच नियमात नव्हती.

त्यांचे विषय सांगते:
गोणपाटाच्या पोत्याचं माप.
मूकबधिर शाळेतल्या शिक्षकांचा महागाई भत्ता.
गिरणी बंद झाली त्या दिवशी आत राहून गेलेले
कामगारांचे डबे (याला मंत्री हसले,
मी कंसात हशा लिहिला).
टपालपेटीचा लाल रंग उन्हात का विटतो.
संध्याकाळ उलटून गेलेली, सभागृहात सातजण,
त्यातले एक झोपलेले, तेही त्यांच्याच पक्षाचे.
खांबेटे मात्र असे बोलत
जणू समोर अख्खा सराफा जागा आहे.

आणि मग तो बुधवार.
मंत्र्यांनी उत्तरात म्हटलं, इंदूरचा तो नाला.
खांबेटे उठले. म्हणाले,
नाला नव्हे हो, नदी. खान नदी.
माझी आई तिच्यात
घंटा.
बाक वाजले, कोणी म्हणालं, बसा बसा,
मी लिहिलं: (व्यत्यय).
पाळी संपली. उठले.

छापून आलं तेव्हा नाला होता, व्यत्यय होता,
नदी नव्हती. आई तर नव्हतीच.
त्यांची दुरुस्तीची चिठ्ठी आली, हिरव्या शाईतली.
मुदत पाचची. चिठ्ठी सहाला.
मी ती फाइलला लावली.
माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत
कुणी माझी चूक काढू शकलं नाही,
असं निरोपसमारंभात सगळे म्हणाले.

परवा रामबागेत गेले.
अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू गेली.
त्यांची सून इरावती म्हणाली, बोलतात,
पण आम्हाला लागत नाही काही.
मागच्या गॅलरीत खुर्ची. खाली ती,
काळी, फेसाळ, प्लास्टिक अंगावर घेऊन
छत्र्यांकडे सरकणारी.

मी पर्समधून वही काढली.
हसू नका, पेन्सिल मी अजून बाळगते.
त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे,
डावा हात उचलला, अध्यक्षांकडे उचलत तसा,
आणि सुरू झाले.

शब्द नव्हते. म म म, मग लांब आ,
मग एक ठेच, मग पुन्हा आ.
लघुलिपीला शब्द लागत नाहीत, आवाज पुरतो.
खालून स्कूटर गेली: (व्यत्यय).
इरावतीने पोहे आणून ठेवले, ते निवले, त्यांवरची शेव मऊ पडली.
पाच मिनिटं झाली.
मी मागे वळून पाहिलं, सवयीनं.
कुणी आलं नाही.
मग बसूनच राहिले.

सव्वा तास. एकोणीस पानं.
रात्री टंकायला बसले तर एकेक खूण तपासली,
तर्कानं काही भरलं नाही, शपथ.
सातव्या पानावर एक न आहे, त्यापुढे दी,
त्या दोहोंमध्ये खोकला.

मी खोकला गाळला.
नियमात बसत नाही.
उद्या सकाळी मसुदा त्यांना दाखवायला नेईन,
हिरवी शाई मिळाली तर तीही.