पुरुष सर्जिकल, रात्रपाळी

समुद्रे सिस्टर म्हणाल्या, आधी वास ओळखायला शीक,
पुस्तकातलं नंतर.
बरी होणारी जखम नुसती लोखंडासारखी वासते,
बिघडत चाललेली गोडूस,
साखर कारखान्यामागं मळी साचते तशी.
मी कागलची. मळी मला पाठ होती.

कॉट नंबर अकरा. रंगराव मगदूम, वय एकसष्ट.
उजवा पाय गुडघ्याखाली मंगळवारी काढला. साखर.
कानांच्या पाळ्या तालमीत मोडलेल्या,
दंडाला बीपीचा पट्टा आता सैल पडतो.
कॉटखाली कापशी चपलांचा जोड, तेल पाजलेला.
दोन्ही.

पहिल्या ड्रेसिंगला माझा चिमटा ट्रेवर वाजला.
"भ्यालीस व्हय गं?" ते म्हणाले, "पाय तर माझा गेलाय."
हसले, आणि हसू टाक्यांपाशी येऊन थांबलं.
मी पट्टी उलगडत गेले.
शेवटचा थर चिकटलेला.
सलाईननं भिजवायचा आणि थांबायचं. ओढायचं नाही.
किती थांबायचं
ते कुठल्या पेपरात विचारलं नव्हतं.

तीन वाजता अंगठीनं कॉटची दांडी वाजली.
"सिस्टर, अंगठा खाजतोय."
"कुठला?"
"नसलेला."

याचं उत्तर मला येत होतं.
पाच गुणांचं, आकृतीसह.
मी डाव्या पायाचा अंगठा खाजवला.
बराच वेळ ते छताकडं बघत राहिले.
"तितं न्हाई," म्हणाले, "पण असू दे."

सकाळी चार्टवर लिहिलं:
नाडी अठ्ठ्याहत्तर, ताप नाही, निचरा तीस मिली,
रुग्ण चारनंतर झोपला.
समुद्रे सिस्टरनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.
"बाकी काय?"
बाकीला रकाना नव्हता.

आठला मुलगा डबा घेऊन आला.
न लागणारी चप्पल गुपचूप पिशवीत सरकवू लागला
आणि अख्खा वॉर्ड दचकून जागा झाला,
"जोड मोडू नगंस!"
मुलानं ती जागच्या जागी ठेवली, टाच भिंतीला लावून.
झाडूवाल्या मावशींनी तिच्या कडेकडेनं केर काढला.

मी दसरा चौकात उभी.
हात तीनदा धुतले तरी नखांत बेटाडिन.
कागलची गाडी लागली, भरली, गेली.
मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होते.