बोंबील

दोनच आठवडे, म्हणाली मारीसेल,
तोवर मी घर शोधते हिला.
आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी
माझ्या हातात ठेवून ड्युटीवर पळाली.
ऑगस्ट होता. मुहर्रकची हवा
ओल्या गोधडीसारखी अंगावर.

कुंजुमोनच्या कोल्ड स्टोअरमागे,
एसीचं पाणी ठिबकतं तिथे सापडली.
पुढचं अर्धं मांजर,
मागचं अर्धं त्याच्यामागे ओढलेलं ओझं.
पिकअप होता म्हणे. थांबला नाही.

हेमांगीला फोनवर दाखवली.
ती म्हणाली, तुला कुकर लावता येत नाही धड.
मागून मुलगा ओरडला,
बाबा, बोंबील आहे हा! काटा असून मऊ!
थळच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक नाही.
नाव पडलं.

डॉक्टरनं माझा हात धरून दाखवलं:
बरगडीखाली नाही, अजून मागे,
लिंबाएवढं काहीतरी लागेल, तीच पिशवी.
दोन बाजूंनी धर. हळू. घाबरू नकोस,
घाबरलास की तिला कळतं.
दिवसातून तीन वेळा, चुकवायचं नाही.

पहिल्या रात्री लिंबू सापडेना.
ती फिसकारत होती, मी रामरक्षा पुटपुटत होतो,
आठव्या श्लोकाच्या आसपास
एकदम ऊब,
मनगटावरून, कोपरावरून, लुंगीवर,
आणि आम्ही दोघंही सुटलो.

सतरा वर्षं स्मेल्टरमध्ये
नऊशे अंशांवरच्या धातूशी माझी ऊठबस.
हात थरथरलेले आठवत नाहीत.

मांजरीच्या पावलांनी येणं म्हणतात आपल्यात.
हिचं येणं चार खोल्यांना ऐकू जातं:
सर्र... थांबणं... सर्र,
सुपातून तांदूळ सरकवल्यासारखं.
आडवी जायची म्हटली तरी
पॅसेज ओलांडायला इतका वेळ घेते
की अपशकुन कंटाळून निघून जावा.
नाइट शिफ्टहून येतो तेव्हा
दाराशी पोचलेली असते.
निघाली कधी असेल, हा हिशेब मी करत नाही.

नोव्हेंबरात रिफ्फाहून उम्म राशिद आल्या.
अंगण आहे त्यांच्याकडे, तीन मांजरं,
आणि मागच्या पायांना चाकांची गाडी
करून घ्यायची तयारी.
मी डायपर, मलम, तिचा तो कळकट टॉवेल
पिशवीत भरून ठेवला होता.
मोडक्या अरबीत शिकवायला बसलो:
लूमी, उम्म राशिद, लूमी सगीर.
त्यांनी अंगठ्या काढून बशीत ठेवल्या.
लिंबू पहिल्या दाबात सापडलं.
मला वाटलं होतं
सापडणार नाही.

हात माझ्याहून चांगले होते. घर तर होतंच.
तरी मी म्हणालो, देणार नाही.
कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
त्यांनी विचारलं नाही. चहा संपवला,
एकेक अंगठी सावकाश घातली,
आणि गाडी करून देणाऱ्या सुताराचा नंबर
माझ्याच विजेच्या बिलावर लिहून गेल्या.

मारीसेलनं फॉर्म पाठवला. दत्तक, कायमचं.
त्यात एक रकाना: कायमचा पत्ता.

व्हिसा, बँक, विमा, बदली,
आजवर प्रत्येक कागदावर या जागी
मी डोळे मिटून लिहीत आलोय
मुक्काम पोस्ट थळ, तालुका अलिबाग.
दर दोन वर्षांनी शिक्का मारून घेणारा माणूस,
त्याला दुसरं काय सुचणार?
पेन उघडंच राहिलं बराच वेळ.
टोकाला शाई सुकली, फुंकर मारली, गिरवून पाहिली.

मग लिहिलं: फ्लॅट बारा,
बिल्डिंग, रोड, ब्लॉक, मुहर्रक.
खोटं आहे, मला माहीत आहे.
हेमांगीला अजून सांगितलेलं नाही.
सही केली.

अकरा वाजले. पॅसेजमध्ये सर्र.
आलो गं, आलो.
हात धुऊन येतो.