किल्ली माझ्याकडे असते

पाद्री आमच्या बेटावर फेब्रुवारीत येतो,
आणि समुद्राच्या मनात असलं तर आणखी एकदा, थंडी सरल्यावर.
एरवी देवाचं बघायला मी:
एवारिस्तो ग्वेन्तेओ, वय एकाहत्तर, बटाटे लावतो,
प्रार्थना सांगतो, मेलेल्यांना पोचवतो.
देवळाची किल्ली माझ्या बापाकडे होती, त्याच्या बापाकडे होती.
दानिलोकडे जायची होती.

जूनमध्ये माशांच्या पिंजऱ्यांखाली
जाळं शिवायला उतरला दानिलो.
हवेची नळी तेवढी वर आली.
कंपनीने पिशवी दिली, तीत त्याचे कोरडे बूट.
तेव्हापासून मी देऊळ उघडतो, झाडतो, पितळ घासतो,
पण त्याच्याशी बोलत नाही.
एका चुलीवर जेवणारे दोन म्हातारे
अबोला धरून राहतात, तसं.

चिलोएत नाताळ उन्हाळ्यात येतो,
बटाट्याला फुलं असताना.
रात्री दहापर्यंत उजेड हटत नाही,
तारा बघायचा तर जागावं लागतं.
आज तर दुपारपासूनच धुकं.
तारा कसला, कुंपण दिसेना.

मी ठरवलं होतं, पोट दुखतंय म्हणायचं.
किल्ली खुंटीवर, मी खुर्चीत.
नऊला ओरियाना आली, डेलियाची नात, सात वर्षांची,
ओल्या पायांनी उंबऱ्यातच उभी.
"बाळ अजून खणातच आहे," म्हणाली.
"त्याला अंधारात किती वेळ ठेवायचं?"

यावर काय बोलतो माणूस.

लोकरीत गुंडाळलेला, सुरूच्या लाकडाचा, वीतभर,
उजव्या हाताला करंगळी नाही.
ती दानिलोने मोडली, पाच वर्षांचा असताना.
समुद्र दाखवायला नेलं होतं म्हणे त्याला.
मी तेव्हा हात उचलला होता पोरावर.

आमचं देऊळ होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं.
वर बघितलं तर छत म्हणजे पालथी होडी.
लाकडाला लाकडाचीच खुंटी, लोखंड कुठे नाही.
सबंध इमारतीत खिळे तीन,
वेदीवरच्या मोठ्या येशूच्या हातापायांत.
आणि हा माझ्या ओंजळीत,
तळहात उघडे, अजून कोरे.
मी वर पाहिलं, छताच्याही वर.
तुझाही, म्हटलं. तुझाही गेलाच की.

सहा महिन्यांत हे पहिलं वाक्य.

लोक जमले. मी वाचायला उभा राहिलो.
मेंढपाळांपर्यंत नीट गेलं. मग देवदूत येतो,
आनंदाची बातमी घेऊन, पण तोंड उघडतो
ते भीतीच्या नावाने. आपण कुणाकडे आलोय
हे त्याला ठाऊक असणार.
"भिऊ नका," एवढं वाचलं आणि घसा मिटला.
मागच्या बाकावरून डेलियाने पुढचं म्हटलं, पाठ होतं तिला.
मग सगळेच, कुणी मागे कुणी पुढे, बेसूर.
आयुष्यभर मी यांना सांगत आलो.
आज मला कुणी सांगत होतं.

इतक्यात कळलं, बार्रिया भावांची होडी आलेली नाही.
धुक्यात मनोरा दिसत नाही, घंटा ऐकू येते.
जूनमध्येही वाजवली होती मी, रात्रभर.
पाण्याखाली जात नाही आवाज.
दोर हातात घेतला तेव्हा हे आठवलंच.
तरी ओढला.

मध्यरात्रीच्या जरा आधी इंजिनाची धडधड.
दोघे भिजलेले, शिंपल्यांचं पोतं घेऊन थेट वेदीपर्यंत आले.
"कुठे वळायचं कळेना," धाकटा म्हणाला,
आणि डोक्यावरची टोपी काढायची राहिली हे लक्षात येऊन लाजला.

बाळ गवतावर ठेवलं.
करंगळीच्या बाजूला ओरियानाने बटाट्याचं फूल टेकवलं,
कुणी सांगितलं नव्हतं.

तारा शेवटपर्यंत दिसला नाही.
कुंपण चाचपत चाचपत घरी आलो,
बोलत.